चौथ्या पदाचे ऋण

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या मंगल पर्वावर प्रकाशित होणाऱ्या या स्मरणिकेसाठी ‘समाज आणि शिक्षण’ या विषयावर चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला. आयुष्यभर खडू-फळ्याशी नाते राहिलेल्या माणसाला हा विषय टाळता येण्याजोगा नव्हता. लेखणी हाती घेतली आणि मनात प्रथम आला तो आपला नमस्कार मंत्र. त्यातील पाच पदांपैकी चौथे पद उपाध्यायांना वंदन करते. उपाध्याय म्हणजे जो स्वतः शास्त्राचे अध्ययन करतो आणि इतरांकडून करवून घेतो तो. अरिहंत, सिद्ध व आचार्य यांच्या पंक्तीत शिकवणाऱ्याला बसविणारी आपली परंपरा आहे. आपण दररोज प्रातःकाळी न चुकता शिक्षकाला नमस्कार करतो. परंतु तो नमस्कार नेमका कशासाठी, याचा विचार क्वचितच करतो.

हा नमस्कार केवळ पांडित्याला नसावा, असे मला वाटते. समोर बसलेल्या जीवाच्या ठायी ज्ञान आहेच, अशी दृढ श्रद्धा ठेवून जो शिकवितो, त्याला हा नमस्कार आहे. या श्रद्धेला आपल्या तत्त्वज्ञानात भक्कम आधार आहे आणि गेल्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासात तिची साक्षही आहे. त्या इतिहासाचे स्मरण करावे आणि त्या प्रकाशात आपल्याच कार्याकडे एकदा पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आवरण आणि ज्ञान

ज्ञान हा जीवाचा स्वभाव आहे, असे जैन दर्शन सांगते. ते बाहेरून आणून कोणाच्या डोक्यात भरावयाचे नसते. आठ कर्मांपैकी ज्ञानावरणीय कर्म त्या ज्ञानावर पडदा टाकते. सूर्यावर मेघ यावा, तसा हा प्रकार आहे. मेघ कितीही दाट असला तरी सूर्य नाहीसा होत नाही. ज्याला आपण सहज ‘ढ’ म्हणून मोकळे होतो, त्या मुलाकडे या दृष्टीने पाहिले तर शिक्षकाच्या कामाचे स्वरूपच पालटते. रिकामे भांडे भरणे हे त्याचे काम उरत नाही. झाकलेला दिवा उघडा होण्यास साहाय्य करणे हे त्याचे काम ठरते.

शिवभूती मुनींची कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाठशाळेत ऐकली असेल. त्यांना काहीच पाठ होत नसे. गुरूंनी दिलेले एवढेसे वाक्यही त्यांच्या स्मरणात टिकेना. देह आणि आत्मा हे फोलपट आणि उडदाच्या दाण्यासारखे भिन्न आहेत, एवढेच त्यांच्या मनात राहिले, आणि शब्दही अडखळतच राहिले. एके दिवशी एक स्त्री उडदाची डाळ धूत असलेली त्यांनी पाहिली. टरफल वेगळे होत होते, दाणा वेगळा होत होता. घोकलेल्या शब्दांचा अर्थ त्या क्षणी उलगडला आणि पुढे त्यांना केवलज्ञान झाले. आचार्य कुंदकुंदांनीही ‘भावपाहुड’ ग्रंथात त्यांचे स्मरण केले आहे. श्वेतांबर परंपरेतही मासतुस मुनींची याच आशयाची कथा सांगितली जाते. शब्द वेगळे, परंतु बोध एकच. आपल्या उपनगरांत दोन्ही परंपरांची घरे एकाच जिन्यावर नांदतात, म्हणून मुद्दाम दोहोंचा उल्लेख केला.

या कथेत आपले लक्ष नेहमी शिष्याकडे जाते. मला मात्र त्या अनाम गुरूंविषयी कुतूहल वाटत आले आहे. एक ओळही पाठ न होणाऱ्या शिष्याला त्यांनी संघाबाहेर काढले नाही. त्याला झेपेल एवढाच धडा दिला आणि वाट पाहिली.

बाकाची गोष्ट

आता शास्त्रातून इतिहासाकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात कुंभोज हे गाव आहे. तेथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ गाव सांगलीकडील ऐतवडे बुद्रुक. पुढे अवघा महाराष्ट्र ज्यांना ‘कर्मवीर’ म्हणून ओळखू लागला, ते हेच भाऊराव.

भाऊराव विद्यार्थिदशेत हुशार म्हणून गणले जात नव्हते, हे आज सांगितले तर नव्या पिढीला नवल वाटेल. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात ते शिकत होते. कुस्ती, पोहणे यांत रमणाऱ्या या मुलाचे गणिताशी कधी जमले नाही. त्यांच्या चरित्रांतून एक आठवण नेहमी सांगितली जाते. राजर्षी शाहू महाराजांचा या मुलावर लोभ होता. त्याला वरच्या वर्गात घालावे, अशी इच्छा महाराजांनी गणिताच्या शिक्षकांकडे व्यक्त केली. तेव्हा, हा ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वरच्या वर्गात घालीन, पण याला घालणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्या शिक्षकांनी दिले.

ही आठवण सभांमधून हशा पिकवण्यासाठी सांगितली जाते. पण ती दोन्ही बाजूंनी विचार करण्याजोगी आहे. प्रत्यक्ष छत्रपतींच्या शब्दालाही न झुकणारा तो शिक्षक होता. त्याच्या निःस्पृहतेला मी हात जोडतो. न येणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे ढकलणे म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणे नव्हे. तथापि वर्गात न घालणे वेगळे आणि बाकापेक्षाही कमी लेखणे वेगळे. पहिल्यात न्याय आहे, दुसऱ्यात निकाल आहे. त्या निकालाप्रमाणे सारे घडले असते, तर महाराष्ट्र एका मोठ्या शिक्षणसंस्थेला मुकला असता.

आपल्याच वसतिगृहाचा दरवाजा

याच काळातील दुसरी घटना आपल्या समाजाने विशेषकरून ध्यानात ठेवावी अशी आहे. भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत असत. तेथे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे; मोठे विद्वान, पुढे शाहू महाराजांचे चरित्रकार आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असा बोर्डिंगाचा दंडक त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. माणसाच्या भेटीने विटाळ होतो हे भाऊरावांना मान्य नव्हते. त्यांनी स्नान केले नाही आणि अखेर त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

समाजातील होतकरू मुलांसाठी दानशूरांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वास्तूतून समाजातीलच एक मुलगा बाहेर पडला. आणि तोही अहिंसेचा, समतेचा अर्थ इतरांपेक्षा अधिक खरेपणाने जगू पाहत होता म्हणून. हे लिहिताना कोणाचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. त्या काळी असे दंडक सर्वत्र होते. परंतु संस्था नियम पाळताना आपला उद्देश कसा विसरू शकते, याचे हे उदाहरण आपल्या घरातलेच आहे आणि म्हणून ते सांगितले पाहिजे.

या कथेला पुढे जो धागा जोडला गेला, तो मला फार मोलाचा वाटतो. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांच्या बोर्डिंगातून आपण बाहेर पडलो, त्यांच्यावर सूड उगवण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास व यातना सोसल्या. जो विद्यार्थी नियमात बसला नाही, तो सत्यात पक्का बसला होता. गुणपत्रिकेत अशा गोष्टींचा रकाना नसतो.

वटवृक्षाची लागवड

पुढे भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणू लागले. नंतर ओगले काच कारखाना आणि किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीसाठी ते गावोगाव फिरले. या भटकंतीत त्यांना खेड्यातील शाळेबाहेर बसलेली मुले दिसली. अशाच एका अस्पृश्य मुलाला त्यांनी उचलून कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन ठेवले, असे त्यांची चरित्रे सांगतात. त्या मुलाचे नाव ज्ञानदेव घोलप. याच घोलपांनी पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ पत्राची धुरा काही काळ वाहिली आणि मुंबई कायदेमंडळातही स्थान मिळविले. ज्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याबद्दल भाऊरावांना दार बंद झाले होते, त्याच वसतिगृहाचे दार त्यांनी दुसऱ्यासाठी ठोठावले.

१९१० च्या सुमारास दुधगाव येथे स्नेह्यांच्या साहाय्याने सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम निघाला. १९१९ च्या विजयादशमीच्या सुमुहूर्तावर कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

या वसतिगृहामागे एका माउलीचा त्याग उभा आहे. भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या जैन घरातील. परंतु बोर्डिंगातील मुलांच्या त्या आई झाल्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. या मुलांतून पुढे कोण काय होणार, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुलांचे निकाल पाहून त्यांनी मंगळसूत्र काढले नव्हते. विश्वास हा निकालाच्या आधी ठेवावयाचा असतो. नंतर जो ठेवला जातो त्याला कौतुक म्हणतात.

तथापि भाऊरावांचा विश्वास भाबडा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. फुकट अन्न आणि फुकट विद्या यांनी मुलगा मिंधा होतो, असे त्यांचे मत होते. म्हणून ‘कमवा आणि शिका’ ही पद्धती आली. मुलांनी शेतात राबावे, दगड फोडावेत, इमारती उभाराव्यात आणि ताठ मानेने शिकावे. मुलाच्या बुद्धीवर विश्वास ठेवणारे पुष्कळ असतात. त्याच्या हातांवर, त्याच्या स्वाभिमानावर विश्वास ठेवणारे थोडे. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज ही याच तत्त्वावर उभी राहिली. संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला, तो किती सार्थ होता! फांदीपासून निघालेली पारंबी जमिनीत रुजते आणि स्वतःच खोड होते.

अशीच एक पारंबी म्हणजे बॅरिस्टर पी. जी. पाटील. संस्थेच्या छायेत वाढलेल्या या विद्यार्थ्याला भाऊरावांनी विलायतेस पाठविले. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईत वकिली करून अमाप पैसा मिळविता आला असता. ते परतले ते संस्थेतच. प्राध्यापक, प्राचार्य असा प्रवास करीत ते पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

शिक्षकाला शिकविणारी शाळा

भाऊरावांच्या कार्यातील एका गोष्टीकडे इतिहासलेखकांचे लक्ष काहीसे कमी गेले आहे. त्यांनी शाळांच्या जोडीने शिक्षक घडविण्याची व्यवस्था केली. १९३५ साली साताऱ्यात त्यांनी शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. पुढे ते महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५५ मध्ये मौलाना आझाद यांच्या नावे पदवीधर शिक्षकांचे महाविद्यालय आले. डोंगरकपारीतील गावांत संस्थेने पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालविल्या, तेव्हा त्यांना शिक्षक कोठून मिळाले? ज्या खेड्यांतून मुले बोर्डिंगात आली, त्याच खेड्यांकडे ती शिक्षक होऊन परतली.

यामागील विचार साधा परंतु खोल आहे. ज्याच्यावर कधी कोणी विश्वास ठेवला होता, तोच दुसऱ्यावर विश्वास ठेवू शकतो. उपाशीपोटी शिकणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पेंगणारा मुलगा आळशी वाटत नाही. शिक्षण कशासाठी हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. त्याचे स्वतःचे आयुष्यच त्याचे उत्तर असते.

९ मे १९५९ रोजी कर्मवीरांनी देह ठेवला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. आणि भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरविले. बाकापेक्षा मागे राहिलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने आपली सर्वोच्च पदवी दिली. साताऱ्यात २०२१ मध्ये त्यांच्या नावाचे विद्यापीठही स्थापन झाले.

कुंभोजची टेकडी

कर्मवीरांच्या जन्मगावाजवळच बाहुबलीची टेकडी आहे. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे तेथे वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी जातात. १९६३ साली प्रतिष्ठापित झालेली २८ फुटी भगवान बाहुबलींची मूर्ती पाहून धन्य होतात. त्या पायथ्याशी नांदत असलेल्या गुरुकुलाची आठवण मात्र सर्वांना असतेच असे नाही.

हे गुरुकुल गुरुदेव समंतभद्र महाराजांनी उभे केले. पूर्वाश्रमीचे नाव देवचंद. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे. १९१८ साली त्यांनी विदर्भातील कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. त्यानंतर कुंभोज-बाहुबली, स्तवनिधी, वेरूळ अशी गुरुकुलांची मालिकाच निर्माण झाली. खेड्यापाड्यातील सामान्य शेतकऱ्यांची मुले तेथे आली. पहाटेची प्रार्थना, पूजन, शाळा, खेळ, श्रम अशा दिनक्रमात ती वाढली. मुनिदीक्षेनंतरही महाराजांनी या मुलांकडे पाठ फिरविली नाही. आत्मकल्याण आणि बालकांचे शिक्षण यांत त्यांना विरोध दिसला नाही.

एकाच परिसराने दिलेले हे दोन थोर शिक्षक. एकाने धर्माची चौकट ओलांडून सर्व रयतेला कवेत घेतले. दुसऱ्याने धर्मसंस्कारांच्या आधारे मुले घडविली. वाटा निराळ्या होत्या. परंतु दोघांनीही मुलगा निवडताना त्याचे गुण विचारले नाहीत. त्याची गरज पाहिली.

मुंबईची परंपरा

मुंबईतील जैन समाजही या बाबतीत मागे नव्हता. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद (१८५१–१९१४) यांनी परगावच्या विद्यार्थ्यांची राहण्याची अडचण ओळखली आणि मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले. अन्य शहरांतील बोर्डिंगांनाही त्यांच्या दानाचा आधार मिळाला. त्यांच्या कन्या मगनबाई यांना तरुणपणी वैधव्य आले. त्या काळी विधवेच्या वाट्याला घराचा कोपरा येई. पित्याने त्यांना शिकविले आणि त्यांनी श्राविकाश्रमाच्या रूपाने शेकडो भगिनींसाठी ज्ञानाचे दार उघडले. येथेही क्रम तोच आहे: आधी पित्याचा विश्वास, मग कन्येचे कर्तृत्व, मग इतरांचा उद्धार.

आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. या संस्थेची शाखा आपल्या अंधेरीतही आहे. उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या गरीब मुलांना कर्जाऊ साहाय्य द्यावे आणि त्यांनी कमावते झाल्यावर परत करावे, अशी तेथील प्रथा. तारण काय, तर मुलाचे भविष्य! व्यापारी समाजाने यापेक्षा मोठे धाडस क्वचितच केले असेल.

एक क्षमायाचना

हे सर्व लिहिताना एक आठवण मला स्वस्थ बसू देत नाही. ती सांगितल्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही.

उपनगरातील एका शाळेत मी गणित शिकवीत असे. आठवीच्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगा होता. कुटुंब सोलापूरकडून आलेले, वडील कापडाच्या दुकानात नोकरीला. मुलगा पहिल्या तासाला हमखास पेंगत असे. भूमितीचे एकही प्रमेय त्याच्याकडून पुरे होत नसे. एकदा वडिलांना बोलावून मी सांगितले, “याला डोके नाही. उगाच वर्षे वाया घालवू नका, कामाला लावा.” वडिलांनी मान डोलावली. पुढच्या जूनमध्ये तो मुलगा वर्गात नव्हता. मलाही त्याची आठवण राहिली नाही.

बऱ्याच वर्षांनी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात एक गृहस्थ पुढे आले, वाकून पाया पडले आणि ‘उत्तम क्षमा’ म्हणाले. ओळख दिली तेव्हा मला तो वर्ग आठवला. बोलता बोलता कळले, की त्या वर्षी तो पहाटे चार वाजता उठून घरोघर दुधाच्या पिशव्या टाकीत असे आणि मग शाळेत येई. मी हे कधी विचारलेच नव्हते. मी ओशाळून काही बोलणार, तोच तो हसून म्हणाला, “नाही सर, तुम्ही बरोबरच सांगितलं होतं. मला डोकंच नव्हतं.”

त्याने मला क्षमा केली होती असे नव्हे. माझे काही चुकले असे त्याला वाटतच नव्हते. माझे एक वाक्य त्याने आयुष्यभर खरे मानले होते. शिक्षकाचा अविश्वास असा वारशाने मिळतो आणि विद्यार्थी तो स्वतःवरच जपून ठेवतो. त्या दिवशी मी हात जोडून त्याची क्षमा मागितली. तो गडबडला. मग खिशातून घडी केलेला एक कागद काढून म्हणाला, “सर, मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज आहे. पण तिला अठ्ठावन्न टक्के आहेत आणि यात पंच्याहत्तरची अट आहे. भरू की नको?”

सुवर्णमहोत्सवाचा प्रश्न

तो अर्ज कोणत्या संस्थेचा होता, हे महत्त्वाचे नाही. अशी अट आपल्या उपनगरांतील बहुतेक संस्थांच्या अर्जांवर आढळते. दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो, शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र दिले जाते, छायाचित्रे निघतात. हे सर्व योग्यच आहे. गुणांची कदर व्हावी. परंतु नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलावर सारे जगच विश्वास ठेवते. महाविद्यालये त्याला बोलावतात, क्लासवाले त्याचे फलक लावतात. त्याला आपल्या शालीची ऊब किती लागणार? जिला अठ्ठावन्न टक्के आहेत, जिच्या घरात आजवर कोणी बारावी झाले नाही, तिच्यासाठी आपण कोठे उभे आहोत?

पंच्याहत्तर टक्क्यांची अट असती, तर भाऊराव पाटील अपात्र ठरले असते. शिवभूती मुनी तर अर्जच भरू शकले नसते.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथे आपले पूर्वज आले तेव्हा त्यांच्याजवळ काय होते? कोणी वखारीत काम केले, कोणी पेढीवर कारकुनी केली, कोणी नातलगाच्या खोलीत दहाजणांत राहून रात्रशाळा गाठली. बोरिवलीच्या पोदनपूर येथील त्रिमूर्तींसमोर आज आपण सहकुटुंब उभे राहतो, तेव्हा मागे त्या पिढीचे कष्ट उभे असतात. त्या पिढीला कोणीतरी ‘ये, राहा, शीक’ असे म्हटले होते. तेच ऋण फेडण्यासाठी आपल्यासारखे ट्रस्ट निर्माण झाले. गुणवत्तेची प्रमाणपत्रे वाटणे हा त्यांचा मूळ उद्देश नव्हता.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आणि समाजबांधवांपुढे नम्रतापूर्वक तीन सूचना ठेवतो. पहिली, शिष्यवृत्तीच्या निधीतील निम्मा भाग टक्केवारीची अट न ठेवता गरज आणि चिकाटी पाहून द्यावा. दुसरी, आपल्या समाजात निवृत्त शिक्षक, अभियंते, सनदी लेखापाल पुष्कळ आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन तास एकेका मुलाला द्यावेत. पैशाची मदत मुलाला शाळेत टिकवते, माणसाची मदत त्याला शिकवते. तिसरी, मदत घेणाऱ्या मुलांनाही पाठशाळेत धाकट्यांना शिकविण्याचे किंवा संस्थेचे काहीतरी काम सोपवावे. त्यांचा स्वाभिमान राखला जाईल आणि वटवृक्षाची पारंबी जमिनीला टेकेल.

आणि जे बंधुभगिनी आज शाळा-महाविद्यालयांत शिकवीत आहेत, त्यांना एका वृद्ध सहकाऱ्याची विनंती आहे. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई, निकालाची टक्केवारी, वरून येणारी परिपत्रके यांचा भार मला ठाऊक आहे. तरीही पेंगणाऱ्या मुलाला एकदा जवळ घेऊन विचारा, ‘बाळ, रात्री झोप झाली का?’ मी तेवढे विचारले नाही, आणि त्याची किंमत मी चुकविली नाही, दुसऱ्यानेच चुकविली.

त्या मुलीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला. टक्केवारीच्या रकान्यात खरा आकडा लिहिला आणि सोबत मी एक पत्र जोडले. गेली काही महिने ती दर रविवारी सकाळी वही घेऊन माझ्याकडे येते. मागच्या आठवड्यात तिने एक प्रमेय कोणाच्याही मदतीशिवाय शेवटपर्यंत सोडविले. दारात तिला नेण्यासाठी आलेले तिचे वडील ते पाहत उभे होते. “हे मलाही कधी जमलं असतं का, सर?” असे त्यांनी विचारले.

मी म्हणालो, “बसा. अजून वेळ गेलेली नाही.”

चौथ्या पदाला वंदन करताना त्या पदाचे ऋण आपणा सर्वांच्या स्मरणात राहो, आणि आपल्या संस्थेची पुढील पन्नास वर्षे त्या ऋणाची फेड करण्यात सार्थकी लागोत, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!